कोविडमुळे अत्यवस्थ झालेल्या रुग्णाच्या यकृताचे काय होते?

व्हेंटिलेटरवर असलेल्या कोविड रुग्णाचे एसजीओटी आणि एसजीपीटी (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी यकृताची विकरे) वाढले आहे. विषाणू थेट यकृतात शिरला आहे का आणि यकृत निकामी होईल का, असे आपण विचारले आहे. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत दोन्हींचे उत्तर नकारार्थी असते.

हा विषाणू ज्या एसीई-२ ग्राहकाला (पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला) चिकटून पेशीत शिरतो, तो यकृतपेशींवर अत्यल्प, तर पित्तनलिकांच्या अस्तरावर बऱ्यापैकी असतो. मुख्य हल्ला त्या अस्तरावर होत असता तर सुरुवातीलाच अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी, म्हणजे पित्तनलिकांचा त्रास दाखवणारी विकरे, चढले असते. प्रत्यक्षात पहिल्या दिवसांत वाढते ते एसजीओटी-एसजीपीटी, तेही सहसा माफक, आणि त्यातही एसजीओटी अधिक. एसजीओटी स्नायूंतूनही येत असल्याने सोबत सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारे विकर) पाहावे.

अत्यवस्थ रुग्णात यकृताला खरा धोका असतो तो रक्ताभिसरणाचा. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे एक चतुर्थांश यकृतात येते, पण त्यातला मोठा वाटा प्रवेशिनी शिरेतून, म्हणजे आतड्यांनी आधीच काही प्राणवायू वापरून घेतल्यावर येतो. त्यामुळे रक्तदाब कोसळला की यकृताच्या प्रत्येक सूक्ष्म खंडातील मध्यवर्ती शिरेभोवतालच्या पेशी, ज्यांच्यापर्यंत प्राणवायू सर्वांत शेवटी पोहोचतो, सर्वांत आधी मरतात. काल शंभराच्या आत असलेले एसजीपीटी एक-दोन दिवसांत हजारांत जाते, एलडीएच (पेशी मेल्यावर रक्तात येणारे आणखी एक विकर) हेही तसेच उसळते आणि रक्ताभिसरण सावरल्यावर आकडे तितक्याच झपाट्याने उतरू लागतात. असा चढउतार दिसला की मी प्रथम रक्तदाबाचा तक्ता उघडतो, यकृताच्या औषधांचा विचार नंतर. उजव्या हृदयावरचा ताण आणि व्हेंटिलेटरचा वाढवलेला दाब यांनी यकृतातून रक्त बाहेर पडण्यास अडथळा येतो, हेही विसरू नये.

औषधांची यादी रोज तपासावी. रेमडेसिव्हिर (विषाणूविरोधी), टोसिलिझुमॅब (दाह आवरणारे), पॅरासिटामॉल, काही प्रतिजैविके आणि बुरशीविरोधी औषधे, सगळीच संशयित असतात. एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या दहापटीहून वर गेले तर रेमडेसिव्हिर थांबवण्याचा विचार करतात. स्टिरॉइड आणि टोसिलिझुमॅब देताना हिपॅटायटिस बी ची तपासणी झालेली असावी, कारण सुप्त संसर्ग पुन्हा जागा होऊ शकतो. ही तपासणी राहून जाते, म्हणून मुद्दाम सांगतो.

यकृत निकामी होत आहे का, हे एसजीपीटीवरून कळत नाही. त्यासाठी आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), बिलिरुबिन (काविळीचे रंगद्रव्य), रक्तातील साखर आणि रुग्णाची शुद्ध पाहावी लागते. गुंगीची औषधे चालू असताना शुद्धीचा अंदाज घेणे कठीण जाते, तर रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांनी आयएनआरही फसवा ठरतो. यकृतात बनणारे अल्ब्युमिन हे प्रथिन कमी दिसणे हा मात्र बहुधा तीव्र दाहाचा परिणाम असतो.

मला अधिक काळजी वाटते ती उशिरा येणाऱ्या एका गुंतागुंतीची. पित्तनलिकांना रक्त मुख्यतः यकृत धमनीकडूनच मिळते. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्या काही मोजक्या रुग्णांत, फुप्फुसे सुधारत असतानाच, कित्येक आठवड्यांनी अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी सतत चढत जाते, कावीळ आणि खाज सुरू होते. एमआरसीपीत (पित्तनलिकांच्या एमआरआय तपासणीत) नलिका जागोजागी अरुंद झालेल्या दिसतात. यालाच सेकंडरी स्क्लेरोझिंग कोलान्जायटिस (अन्य कारणाने पित्तनलिकांना दाह होऊन व्रण पडणे) म्हणतात. एंडोस्कोपीने नलिकांतील घट्ट साका काढता येतो, पित्त वाहते ठेवणारे उर्सोडीऑक्सीकोलिक ॲसिडही देतात, परंतु काहींना अखेर यकृत प्रत्यारोपणाची गरज पडली आहे. म्हणून आपला रुग्ण घरी गेल्यावरही काही महिने अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी या दोन तपासण्या करून घ्या आणि त्या चढत्या दिसल्यास थेट यकृततज्ज्ञांना दाखवा.