हद्दीवरच्या गावांची वीज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे गाव भिवंडी तालुक्यात महामार्गालगत आहे. एका अंगाला गोदामे, दुसऱ्या अंगाला चार-पाच मजली इमारती आणि मागे अजूनही भातशेती. ग्रामपंचायतीने गावाचा स्वच्छ ऊर्जेचा आराखडा करावा, असे आम्हा काही सदस्यांना वाटते. पण बाकीचे म्हणतात की गाव आज ना उद्या महापालिकेत जाणारच, मग हा खटाटोप कशाला? करायचाच तर सुरुवात कोठून करावी?
(ग्रामपंचायत सदस्या, भिवंडी तालुका)

उत्तर : महापालिकेत जाण्याची वाट किती वळणांची असते, हे कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांना विचारावे. ही गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. शीळफाट्याकडच्या १४ गावांचीही नवी मुंबई महापालिकेशी अशीच ये-जा झाली. एवढ्या काळात ठरावांवरचे शिक्के बदलले, पण वीज त्याच खांबांवरून येत राहिली. म्हणून माझा सल्ला असा, की आराखडा गावाच्या किंवा प्रभागाच्या हद्दीवर न आखता फिडर (उपकेंद्रातून येणारी मुख्य वीजवाहिनी) आणि डीपी (वस्तीला वीज देणारे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) यांच्यावर आखावा. तसा कागद ग्रामपंचायत जाऊन महापालिका आली तरी कामाचा राहतो. आपल्याकडे तर हा प्रश्न दुहेरी आहे. भिवंडीभोवतीच्या ६० गावांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए), महावितरणची वितरण फ्रँचायझी, म्हणजे वीज पुरवण्याचे व बिलवसुलीचे काम, २००७ पासून टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे आणि पाणी व दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे. या तीन दारांपैकी एकाही दारात संपूर्ण गावाचा नकाशा मिळत नाही. तो आपणच करावा लागतो.

प्रत्यक्ष काम सोपे आहे, फक्त चिकाटीचे आहे. प्रत्येक डीपीवर तिची क्षमता लिहिलेली पाटी असते : ६३, १०० किंवा २०० केव्हीए. ती कुंपणाबाहेरूनच वाचावी आणि पाटी गंजलेली असेल तर वीज कार्यालयाकडे लेखी माहिती मागावी. मग वहीत उतरवावे की त्या डीपीवर घरे किती, पिठाच्या गिरण्या किती, पाण्याचे पंप किती, कोणत्या छपरावर सौर पॅनेल आधीच बसली आहेत आणि संध्याकाळी दिवे किती मंदावतात. यात वेळेचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. इमारतींचा भार संध्याकाळी सातनंतर चढतो आणि सौर वीज त्याआधीच संपलेली असते. त्यामुळे रात्री दमणारी डीपी गच्चीवरच्या पॅनेलने सावरत नाही, तिची क्षमताच वाढवावी लागते. उलट पंप, गिरणी, शाळा, दवाखाना, शीतगृह ही दिवसाची गिऱ्हाइके असून सौर ऊर्जेचा पहिला हक्क त्यांचा आहे.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या बिलापासून आरंभ करावा. समजा, नळयोजनेचा १० अश्वशक्तीचा पंप दिवसाला पाच तास चालतो. मोटारीतील तूट धरून तो रोज ४० युनिटच्या आसपास वीज घेतो. आपल्या भागात १ किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देते, म्हणजे या पंपासाठी १० किलोवॉट आणि साधारण १,००० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा हवी. शाळेच्या छपरावर ती बहुधा निघते. मात्र पंप रात्री चालवण्याची सवय असेल, तर ती बदलून पाणी दिवसा टाकीत चढवावे.

गोदामांच्या छपरांकडे पाहून आपल्या सदस्यांच्या तोंडाला पाणी सुटले असणार. तेथे एक मेख आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा सौर वीज बाहेर देऊन ती बिलातून वळती करण्याच्या पद्धतीत, मंजूर भारापेक्षा मोठा सौर संच लावता येत नाही आणि माल ठेवण्याच्या गोदामाला दिवे-पंखे सोडले तर वीज लागते किती? छप्पर एकरभर, भार घरगुती. त्यात जुन्या शेडचे पत्रे आणि कैच्या पॅनेलचे वजन व वादळी वारा पेलतील याची खात्री नसते. म्हणून सगळ्या गोदामांची यादी करण्यापेक्षा शीतगृहे, पॅकिंगची केंद्रे आणि विजेवर चालणारे टेम्पो दिवसा चार्ज करू शकतील अशी गोदामे वेगळी काढा व त्यांच्या मालकांशी बोला.

पैशाचे म्हणाल, तर हा विषय ग्रामपंचायत विकास आराखड्यात आला पाहिजे. तो २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून मार्गी लागतो आणि ‘स्वच्छ व हरित गाव’ हा त्याच्या नऊ विषयांपैकी एक आहे. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानातही ‘अग्नी’ या घटकाखाली ऊर्जेच्या कामांना गुण मिळतात. छपरावरच्या सौर संचांसाठी असलेल्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत जिल्ह्यातून स्पर्धेने निवडलेल्या एका आदर्श सौर गावाला १ कोटी रुपये मिळतात व त्यासाठी लोकसंख्या ५,००० हून अधिक लागते. स्पर्धेत जरूर उतरावे. पण तिच्यासाठी आराखडा करू नये, कारण तेथे बसवलेले किलोवॉट मोजले जातात, संध्याकाळचे व्होल्टेज मोजले जात नाही.

प्रश्न : दिवा-शीळ परिसरातील आमच्या सात मजली इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही आणि सोसायटीही नोंदलेली नाही. एक जण प्रत्येक घरामागे पैसे गोळा करून ‘अनुदानासह सोलर’ करून देतो म्हणतो. द्यावे का?

उत्तर : देऊ नयेत. नोंदणीकृत सोसायटीला सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे व वाहन चार्जिंग यांसाठी, पीएम सूर्यघरमध्ये प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे आणि स्वतंत्र घराला ३ किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये. दोन्हींच्या मुळाशी छपरावरचा हक्क असतो. आपल्या गच्चीवर आज कागदोपत्री तो कोणाचा आहे? बहुधा बिल्डरचा किंवा मूळ जमीनमालकाचा. उद्या त्याने मजला चढवायचे ठरवले, तर आपली पॅनेल उतरवावी लागतील. आधी सोसायटीची नोंदणी करा, मग मानीव अभिहस्तांतरणाच्या (बिल्डर करून देत नसला तरी जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या) मागे लागा आणि इमारतीची मजबुती तपासून घ्या. ही कामे सावकाश होतात, हे मला ठाऊक आहे.

तोवर घरात करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. जुना छताचा पंखा ७० ते ८० वॉट खातो, कमी विजेवर चालणाऱ्या मोटारीचा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला दहा तास चालणारे चार पंखे बदलले, तर महिन्याला ५० युनिटच्या घरात बचत होते. बिल १०० किंवा ३०० युनिटच्या टप्प्यावर लटकत असेल, तर ते खालच्या टप्प्यात येण्याचा फायदा वेगळाच.

प्रश्न : मुरबाड रस्त्यालगतच्या आमच्या घरावर सौर संच आहे. तरी पावसाळ्यात वीज गेली की आमच्याकडेही अंधार. आम्ही फसलो का?

उत्तर : नाही. ग्रीडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, जोडलेला सौर संचाचा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की मुद्दाम बंद पडतो, कारण तुमच्या गच्चीवरची वीज बंद तारेत शिरली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावर चालणारा संच हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि तो बराच महाग पडतो; दोन दिवे-दोन पंख्यांसाठी साधा घरगुती इन्व्हर्टर पुरे. पावसाळ्यातील घटलेल्या उत्पादनाची चिंता करू नका. एप्रिल-मेचे शिल्लक युनिट बिलात पुढे ओढले जातात आणि हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस मिटतो.

प्रश्न : कल्याण ग्रामीण भागात आमचा साठ म्हशींचा तबेला आहे. शेण धुऊन नाल्यात जाते, आजूबाजूच्या इमारतींच्या तक्रारी येतात. बायोगॅस परवडेल का?

उत्तर : एका म्हशीचे रोजचे शेण १५ किलो धरले, तर ९०० किलो झाले. २५ किलो शेणापासून साधारण १ घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे आपल्याकडे रोज ३६ घनमीटर. इंधन म्हणून हे घरगुती सिलिंडर एक भरून थोडे उरावे एवढे आहे. तबेल्यातील कामगारांच्या चुली आणि शेजारच्या हॉटेलाची भट्टी त्यावर चालेल. लांबच्या इमारतींपर्यंत मात्र हा कमी दाबाचा गॅस नेता येत नाही. शेण व ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याच्या केंद्राच्या गोबरधन योजनेत जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे; ती सामूहिक प्रकल्पांसाठी असल्याने शेजारचे एक-दोन तबेले सोबत घेऊन जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षाकडे जावे.

धुण्याचे पाणी निम्म्यावर आणा, नाहीतर पातळ शेणाने टाकी भरेल आणि गॅस येणार नाही. टाकीतून रोज टनाच्या वर स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेला शेणाचा रबडा, बाहेर पडेल. भाताच्या हंगामात शेतकरी ती नेतील, पण उन्हाळ्यात कोणी फिरकणार नाही. तेव्हा ती वाळवायला जागा किंवा रोपवाटिकेसारखे बारमाही गिऱ्हाईक खड्डा खणण्याआधी ठरवा.