वाचकांचे प्रश्न : जुनी मोटरसायकल आणि तिचा एकुलता एक फ्यूज

प्रश्न : माझ्याकडे 1967 सालची ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल आहे. 12 व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडलेलं), पॉइंट-कॉइलचं इग्निशन (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट). अख्ख्या गाडीला बॅटरीजवळ 35 अँपियरचा एकच काचेचा फ्यूज आहे. परवा रात्री तो उडाला आणि हेडलाइटसकट इंजिनही बंद पडलं. शोधलं तर टेललाइटची तार मडगार्डखाली घासून उघडी पडली होती. आता पात्याच्या फ्यूजचा सहा खणांचा डबा बसवायचा विचार आहे. कुठल्या खणात किती अँपियरचा फ्यूज घालू? आणि एवढं उघडतोच आहे तर निगेटिव्ह अर्थ करून टाकू का?

उत्तर : टेललाइटच्या तारेनं इंजिन बंद पाडावं, हा त्या काळच्या आखणीचा दोष. तो काढायचं तुम्ही मनावर घेतलंत हे चांगलं. पण प्रश्न उलट्या बाजूनं विचारला आहे. ‘हेडलाइटला किती अँपियरचा फ्यूज?’ असं जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं. फ्यूज बल्बला वाचवत नाही. बल्ब जायचा तेव्हा जातोच. फ्यूज असतो तारेसाठी. म्हणून आधी तार किती जाड आहे आणि ती किती प्रवाह सोसते ते बघायचं, मग फ्यूज.

तुमच्या गाडीत बहुतेक ठिकाणी 14 धाग्यांची तार असणार. प्रत्येक धागा 0.012 इंचाचा. हीच तार आज 14/0.30 (0.30 मिलिमीटरचे 14 धागे) म्हणून मिळते : एक चौरस मिलिमीटर तांबं, सोसण्याची मर्यादा 8.75 अँपियर. आता उघडी तार धातूला पूर्ण टेकली तर शेकडो अँपियर वाहतात आणि 35 काय, कुठलाही फ्यूज उडतो. तुमच्या बाबतीत तेच झालं, आणि ते नशीब समजा. तार गंजातून, चिखलातून अर्धवट टेकली आणि 18-20 अँपियर वाहू लागले, तर तो फ्यूज खुशाल तग धरतो. वितळतं ते तारेचं आवरण, आणि तेही जुडग्याच्या आत, शेजारच्या चार तारांना बरोबर घेऊन. जळालेलं हार्नेस, म्हणजे तारांचं जुडगं, उघडलं की फ्यूज शाबूत निघतो, हे दृश्य मला नवीन नाही.

इथे आणखी एक फसगत आहे. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा तो उडण्याचा असायचा. 35 लिहिलेला फ्यूज सतत सोसायचा त्याच्या निम्मे, सतरा-साडेसतरा. आजच्या फ्यूजवर सतत सोसण्याचा आकडा छापतात. म्हणजे ‘कंपनीनं 35 दिलाय’ म्हणून आजचा 35 चा फ्यूज घातलात, तर संरक्षण होतं त्याच्याही निम्मं करून ठेवलंत. डब्याचं काम होईपर्यंत तिथे आजचा 15 चा घालून चालवा.

आता वाटणी. ताकद भागिले व्होल्ट म्हणजे अँपियर, एवढं गणित पुरतं. 50 वॉटचा हेडलाइट सव्वाचार अँपियर घेतो. टेललाइट 5 वॉट, अर्धाही नाही. ब्रेकलाइट 21 वॉट, पावणेदोन. कॉइलची आतली गुंडाळी साडेतीन-चार ओहमची असते, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना एका कॉइलला तीन-साडेतीन अँपियर. तुमच्याकडे दोन कॉइल, तेव्हा इंजिन बंद आणि किल्ली चालू असताना सात अँपियरपर्यंत जाऊ शकतं. सतत चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या पाऊण पटीच्या आत ठेवायचा, आणि फ्यूजचा आकडा तारेच्या मर्यादेच्या आत.

त्या हिशेबानं हेडलाइटला साडेसात, 14/0.30 तार. इग्निशनला 10, पण त्यासाठी तार बदलून 28/0.30 घ्या, ती साडेसतरा अँपियर सोसते. टेललाइट, पायलट (हेडलाइटमधला छोटा दिवा) आणि मीटरचे दिवे मिळून 5. ब्रेकलाइट आणि हॉर्न एकत्र. हॉर्न किती खातो ते मीटर लावून मोजा, कारण जुने हॉर्न याबाबतीत एकसारखे नसतात. बहुतेक वेळा साडेसात पुरतो. या चौघांच्या आधी, बॅटरीपाशी, मुख्य फ्यूज 20 चा आणि त्याला 44/0.30 तार, जी साडेसत्तावीस सोसते. मुख्य फ्यूज शाखेच्या सर्वांत मोठ्या फ्यूजच्या दुप्पट ठेवायचा, म्हणजे शाखेत बिघाड झाला तर शाखेचाच आधी उडण्याची शक्यता जास्त. जोरदार शॉर्टमध्ये दोन्ही उडू शकतात, तेव्हा खात्री मात्र धरू नका. राहिलेल्या दोन खणांत सुटे फ्यूज ठेवा.

पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात : 5 बदामी, 7.5 तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा. अंधारात टॉर्च धरून हातात घेतला तरी कळतं. मात्र फ्यूज आकडा ओलांडला की क्षणात उडतो, हा समज सोडा. 10 चा फ्यूज साडेतेरा अँपियरला दहा मिनिटांपर्यंत टिकू शकतो. 20 अँपियरला तो पाच सेकंदांच्या आत जातो. तारेला थोडी जास्त जाडी द्यायची ती या मधल्या वेळासाठी.

हाय आणि लो बीमला वेगळे फ्यूज द्या, असंही सुचवणारे भेटतील. तत्त्वतः बरोबर आहे; एक गेला तर दुसरा उरतो. पण त्यासाठी डिपर स्विचपासून तार मागे डब्यापर्यंत आणून परत पुढे न्यावी लागते. मी ते करत नाही. हँडलच्या वळणावर जितक्या तारा कमी तितकं बरं.

फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणीच वाली नसतो. तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, तेव्हा मुख्य फ्यूज निगेटिव्हकडून निघणाऱ्या तपकिरी-निळ्या तारेत बसवा. अर्थच्या तारेत बसवलात आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक नुसतं फ्रेमला टेकलं, तरी फ्यूजला वळसा पडतो. आणि लाल तार बघून फसू नका : या गाड्यांत लाल म्हणजे अर्थ. नव्या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक तिलाच फ्यूज लावून देतो. रेक्टिफायरची (चार्जिंगचा एसी प्रवाह डीसी करणाऱ्या भागाची) तार मुख्य फ्यूजच्या पलीकडे, गाडीच्या बाजूला जोडा. रेक्टिफायर आतून शॉर्ट झाला तर निदान फ्यूज उडून बॅटरी वेगळी होते.

खरं काम मात्र डब्यात नाही, अर्थमध्ये आहे. मूळ आखणीत हेडलाइटचा परतीचा प्रवाह स्टिअरिंगच्या बेअरिंगमधून जायचा, म्हणजे ग्रीसमधून. त्यात फ्रेमला हौसेनं पावडर कोटिंग केलं असेल तर संपलंच. तो थर उत्तम इन्सुलेटर आहे. हेडलाइटचं शेल, इंजिन आणि टेललाइट, तिघांपासून वेगळी लाल तार थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणा. इंजिनची जाड घ्या. तपासणी सोपी आहे : हेडलाइट लावा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं हेडलाइटच्या शेलवर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ वाईट आहे. अशा गाड्यांत मी नवा डबा हातात घेण्याआधी हे मोजतो, आणि बऱ्याचदा मालकाचं निम्मं गाऱ्हाणं तिथेच मिटतं.

जुनी तार ठेवायची की टाकायची, हे टोक सोलून ठरवा. आतलं तांबं काळं पडलं असेल आणि दोन इंच मागे सोललं तरी काळंच निघालं, तर ती तार गेली. तिच्यावर सोल्डरही धरत नाही. पातळ आवरणाची नवी तार घेतलीत तर एक चौरस मिलिमीटरची मर्यादा साडेसोळा अँपियर लिहिलेली दिसेल. खूश होऊ नका. आवरण जास्त उष्णता सोसतं म्हणून तो आकडा वाढला. तांबं तेवढंच आहे आणि व्होल्टेजची गळतीही तेवढीच. बुलेट कनेक्टर पितळी ठेवा, पण त्यांच्या काळ्या रबरी नळ्या सगळ्या नव्या घाला. आतली धातूची नळी बाहेरून दिसत नाही, आणि गंजते तीच. सोल्डर करणार असाल तर जिथे सोल्डर संपतो तिथे तार ताठर होते आणि थरथरीनं नेमकी तिथेच तुटते, म्हणून स्लीव्ह त्या जागेच्या पुढेपर्यंत चढवा. जुडगं बांधण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. टाकीच्या मागच्या टोकाखाली तार दबत नाही ना, तेही एकदा बघा.

निगेटिव्ह अर्थचं म्हणाल तर नको. उजेड वाढत नाही, चार्जिंग वाढत नाही. उलट झेनर डायोड (जादा व्होल्टेज आवरणारा भाग), रेक्टिफायर, अ‍ॅमीटर आणि कॉइलच्या तारा सगळं बदलावं लागतं आणि पुढच्या मालकाला कोणी सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्यायचं असेल तर पॉझिटिव्ह अर्थवर चालणारं मिळतं.

प्रश्न : माझी मोटरसायकल 6 व्होल्टची, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) आणि मॅग्नेटोवाली (बॅटरीशिवाय ठिणगी देणारा). फ्यूजच नाही. हेडलाइट पिवळट पडतो. जास्त वॉटचा बल्ब टाकला तर चालेल का?

उत्तर : नाही. या गाड्यांवरचा लुकास या ब्रिटिश कंपनीचा नेहमीचा मोठा डायनॅमो 60 वॉटचा, म्हणजे 6 व्होल्टला 10 अँपियर, आणि तेही इंजिन फिरत असताना. 30 वॉटचा हेडलाइटच त्यातले 5 खातो. जास्त वॉटचा बल्ब अधिक प्रवाह ओढेल, तारेत अधिक व्होल्ट सांडतील आणि बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होईल.

आधी बल्बच्या टोकापाशी व्होल्ट मोजा, बॅटरीपाशीही मोजा. दोघांत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर 12 व्होल्टच्या गाडीत तो चालून जातो. तुमच्याकडे तो आठ टक्के आहे. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार वेगानं पडतो. आठ टक्क्यांत चौथाई उजेड जातो. म्हणून 6 व्होल्टला तार जाडच हवी. हेडलाइटला 28/0.30 घाला, स्विचचे काँटॅक्ट साफ करा, वेगळी अर्थ द्या. त्यानंतरही पिवळट वाटला तर परावर्तकाची चांदी गेली आहे का बघा.

फ्यूज मात्र आजच बसवा, 15 चा, बॅटरीजवळ. तो उडाला तरी मॅग्नेटोवरचं इंजिन चालू राहील. फक्त दिवे जातील. डायनॅमो आणि रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) यांच्यामधल्या डी आणि एफ या दोन तारांमध्ये फ्यूज घालू नका. त्या तुटल्या तर रेग्युलेटरचा ताबा सुटतो.

प्रश्न : फ्यूजऐवजी आपोआप पुन्हा जोडला जाणारा ब्रेकर लावला तर? रस्त्यात फ्यूज शोधायची कटकट नको. शिवाय टेललाइटला एलईडी बल्ब घातलाय, तो लागतच नाही.

उत्तर : असा ब्रेकर गार झाला की जोडतो, शॉर्ट तसाच असला तर पुन्हा तुटतो, पुन्हा जोडतो. दर खेपेला तार तापते, आणि तुम्ही गाडी चालवत असल्यानं कळत नाही. उडालेला फ्यूज निदान थांबून शोधायला लावतो. हातानं दाबून जोडायचा ब्रेकर चालेल, पण तो पाण्यापासून वाचवावा लागेल.

बल्बचं म्हणाल तर तुमची गाडी बहुधा पॉझिटिव्ह अर्थ असणार. बरेच एलईडी बल्ब धातूच्या बुडाला निगेटिव्ह धरून बनवलेले असतात. उलटा प्रवाह दिला की नुसते गप्प राहतात, जळत नाहीत. दोन्ही बाजूंनी चालणारा किंवा पॉझिटिव्ह अर्थसाठी म्हणून विकला जाणारा बल्ब घ्या. घेतल्यावर ब्रेकलाइट आणि टेललाइट यांच्या उजेडात स्पष्ट फरक दिसतो का, ते दिवसाच्या उजेडात मागे उभं राहून कोणाला तरी बघायला सांगा.