दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी एफडी मोडायची का?

प्रश्न: आम्ही नागपूरला मनीषनगरमध्ये राहतो. पत्नीला पोटाचा जुनाट त्रास आहे. आधी आतड्याचा टीबी म्हणून औषधांचा पूर्ण कोर्स झाला. आता डॉक्टर क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा दीर्घकाळचा आजार) म्हणतात आणि बायोलॉजिक इंजेक्शनं (सूज आवरणारी महागडी जैविक औषधं) सुरू करायला सांगतात. वर्षाचा खर्च काही लाखांत जाईल. मेहुणा म्हणतो, हैदराबादला नेऊन सगळं नव्याने तपासा. वडील म्हणतात, नागपुरात काय डॉक्टर कमी आहेत? ३ लाखांची एफडी आहे, ७ टक्के दराची, एक वर्षाची. पाच महिने बाकी आहेत. मुलीच्या ॲडमिशनसाठी ठेवली होती. कंपनीचा ५ लाखांचा ग्रुप विमा आहे. एफडी मोडू का?

उत्तर: सल्ला जरूर घ्या. एफडी मात्र मोडू नका.

तुम्ही सल्ल्याचा खर्च आणि उपचाराचा खर्च एकाच खात्यात धरलाय, म्हणून धडकी भरली. उपचार लाखांत जाईल, पण दुसरा सल्ला फी, प्रवास आणि दोन दिवसांचा मुक्काम धरून माझ्या अंदाजाने पंधरा-वीस हजारांत बसावा. वर्षानुवर्षं चालणाऱ्या खर्चावर सही करण्याआधी एवढे पैसे घालणं मला अजिबात उधळपट्टी वाटत नाही. मी डॉक्टर नाही, पण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांत गल्लत होऊ शकते हे आपल्याकडचे डॉक्टरच सांगतात. बायोलॉजिकने प्रतिकारशक्ती दबते आणि शरीरात दडून बसलेला टीबी उसळू शकतो, म्हणून निदान पक्कं असण्याला इथे दुप्पट महत्त्व आहे.

मेहुण्यांचं 'सगळं नव्याने' मात्र मला पटत नाही. खरा खर्च तिथेच वाढतो, आणि पत्नीला पुन्हा ते पोट साफ करायचं औषध लिटरभर प्यावं लागेल ते वेगळंच. बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या छोट्या चौकोनी ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. तो ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स अर्ज देऊन मागा, घेतल्याची पावती ठेवा आणि काम झाल्यावर परत करा. दुसरा पॅथॉलॉजिस्ट त्याच नमुन्यावर मत देऊ शकतो. सीटी स्कॅनची सीडी घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. कोलोनोस्कोपीचे रंगीत फोटो, टीबीच्या औषधांच्या तारखा आणि त्या काळातलं पत्नीचं वजनही फाइलमध्ये लावा. कागद मागायला संकोच नको. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. चांगला डॉक्टर यावर रुसत नाही.

वडिलांचंही अर्धं बरोबर आहे. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये पोटाच्या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि केसपेपरचा खर्च नाममात्र. धंतोली-रामदासपेठेत तर पावलोपावली दवाखाने आहेत. आधी इथेच, पण वेगळ्या हॉस्पिटलच्या तज्ज्ञांना फाइल दाखवा. दोन्ही मतं जुळली तर हैदराबादचा फेरा वाचला. नाही जुळली तर जा. वंदे भारतने सिकंदराबाद सात-साडेसात तासांवर आहे. जाण्याआधी व्हिडिओवर सल्ला मिळतो का, तेही विचारा.

आता एफडीचा हिशोब. आज मोडली तर बँक सात महिन्यांना लागू असलेला दर देईल आणि त्यातून दंड कापेल. तो दर ६ टक्के आणि दंड १ टक्का धरला, तर हातात ८,७५० रुपये व्याज येईल. ७ टक्क्यांनी ते १२,२५० झालं असतं. म्हणजे ३,५०० चा फटका, आणि एकदा मोडलेली रक्कम घरात टिकत नाही हा माझा नेहमीचा अनुभव. त्यापेक्षा त्याच एफडीवर ३०,००० ची ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल, घ्या. ९ टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज सव्वाअकराशेच्या आसपास होईल, आणि पगारातून आधी फेडलंत तर आणखी कमी.

विम्याकडे जास्त लक्ष द्या. नुसत्या ओपीडी सल्ल्याचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. पण नंतर त्याच आजारासाठी भरती व्हावं लागलं, तर आधीच्या ३० किंवा ६० दिवसांतली फी आणि तपासण्यांची बिलं पॉलिसीप्रमाणे मागता येतात. म्हणून प्रत्येक बिल, प्रिस्क्रिप्शनसह, जपा. बायोलॉजिकचं इंजेक्शन डे-केअरमध्ये (रात्रभर भरती न होता घेतलेले उपचार) बसतं का आणि त्यावर उपमर्यादा, म्हणजे त्या उपचारापुरती कमाल रक्कम, किती, हे पहिला डोस घेण्याआधी एचआरमार्फत ईमेलवर विचारून घ्या. फोनवरचं 'हो सर, होऊन जाईल' क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. स्वस्त बायोसिमिलर, म्हणजे त्याच औषधाशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, चालेल का, हेही डॉक्टरांना थेट विचारा.

नोकरी बदलायचं मनात असेल तर सध्या थांबा. ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो. वेगळी पॉलिसी काढताना हा आजार लिहावाच लागेल, आणि लिहिल्यावरही आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी भरतीच्या दिवशी उलटते.

एफडीची मुदत संपायच्या आठवडाभर आधी बँकेत जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करा. त्यातून ॲडमिशनची फी आधी बाजूला काढा. उरलेले बचत खात्यात राहू द्या, आणि तोवर उपचाराचा नक्की आकडा आला असेल तर मला कळवा. मग पुढचा हिशोब करू.