स्क्रम मास्टर म्हणजे मास्तर काय?

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. ते उद्यमबागच्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. मुलगी बेळगावात बीई झाली, तीन वर्षं बेंगळूरला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आता म्हणते, टेस्टिंग पुरे, स्क्रम मास्टर व्हायचंय. एक क्लास ४५ हजार मागतोय आणि नोकरीची हमी देतोय. ते विचारतात, "पोरगी मास्तर होणार काय? पैसे भरू की नको? मॅनेजर झाली तर स्थळं पण चांगली येतील."

सप्रेम नमस्कार,

पैसे आत्ता भरू नका. आणि नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला तर कधीच नको.

नवीन ऑर्डर आली की तुम्ही पाचशे कास्टिंग एकदम ओतत नाही. आधी सॅम्पल काढता, गिऱ्हाईक मापं तपासतं, ब्लो होल दिसला तर दुरुस्ती करता, मगच माल सुरू होतो. सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं याच्या उलट चालायचं. वर्षभर कागदावर ठरवायचं, वर्षभर बांधायचं आणि शेवटी गिऱ्हाइकानं म्हणायचं, "हे मागितलंच नव्हतं." २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा, म्हणजे थोडं थोडं बनवून दाखवत पुढं जायच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला, तो याच वैतागातून. स्क्रम ही काम करायची रीत त्याआधीची, पण त्याच घरातली. साधारण दहापर्यंत माणसांची टीम, फार तर महिन्याभराचा टप्पा, त्याला स्प्रिंट म्हणायचं. आणि प्रत्येक टप्प्याला दाखवता येईल असं चालतं काहीतरी हातात हवं.

यात स्क्रम मास्टर म्हणजे तुमच्यासारखा सुपरवायझर नव्हे. कुणी काय करायचं ते टीमच ठरवते. काय आधी बनवायचं, ते प्रॉडक्ट ओनर ठरवतो. मोल्डिंगवाल्याकडं वाळू आली नाही, तर त्याच्यावर न ओरडता स्टोअरमध्ये जाऊन बसणारा माणूस आठवा, तो स्क्रम मास्टर. हुकूम सोडायचा अधिकार नाही, पण काम अडलं की सगळे त्याच्याकडं बघतात. हे पचायला जड असतं. मॅनेजर व्हायचं म्हणून या वाटेला आलेली पोरं सहा महिन्यांत कंटाळलेली मी पाहिली आहेत.

प्रोग्राम, म्हणजे एकमेकांत गुंतलेली अनेक टीमची कामं, सांभाळणं ही त्यापुढची पायरी. तिथं एक टीम नसते, आठ-दहा असतात आणि एकीचं काम दुसरीवाचून अडतं. तुमचं कास्टिंग वेळेत तयार, पण मशीन शॉप रिकामं नाही, म्हणजे डिस्पॅच चुकलाच! ते आधी ओळखणं आणि वाईट बातमी वेळेत वर पोचवणं, यासाठी तिथला पगार असतो.

बाजाराचंही खरं सांगतो. नुसता स्क्रम मास्टर, दुसरं काही येत नाही, अशा जागा आता भरवशाच्या राहिल्या नाहीत. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेनं जानेवारी २०२३ मध्ये अजाइलची अशी ११०० हून जास्त पदं एकदम काढून टाकली. ते काम गेलं नाही, इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांच्याकडं वाटलं गेलं. म्हणून मुलीनं टेस्टिंग सोडू नये, त्यात पाय रोवून हे काम अंगावर घ्यावं. टेस्टिंगवाल्याला माल कुठं फुटतो ते आधीच ठाऊक असतं, आणि टीम चालवताना तेच कामी येतं.

तिनं लीडकडं जाऊन पुढच्या दोन स्प्रिंटचं रेट्रोस्पेक्टिव्ह मागून घ्यावं. टप्पा संपल्यावर काय बिघडलं ते मोकळेपणानं बोलायची ती बैठक. ती घेणं सोपं वाटतं, पण दोन सिनिअर गप्प बसले आणि तिसरा दुसऱ्यावर ढकलू लागला की कस लागतो. तिथं टिकली तर परीक्षेचं बघा. पीएसएम-१ ही स्क्रम मास्टरची एक परीक्षा, तिला क्लासची सक्तीच नाही. ६० मिनिटांत ८० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के. अभ्यासाची स्क्रम गाइड फुकट मिळते, दोन संध्याकाळींत वाचून होते. सीएसएम या स्क्रम मास्टरच्याच दुसऱ्या प्रमाणपत्राला मात्र ठरलेलं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण. पीएमपी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र, आत्ता डोक्यातही नको. पदवीनंतर ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव तिथं लागतो, नुसत्या नोकरीचा नव्हे.

मराठी माध्यमामुळं ती मीटिंगमध्ये बोलायला बिचकते, असंही तुम्ही लिहिलंय. तुमच्या घरी जमिनीचा कन्नड उतारा आजीला मराठीत समजावून कोण सांगायचं? बहुतेक तीच. समोरच्याला ऐकायला आवडणार नाही तेही सांगावं लागलं असेल. गिऱ्हाईक आणि डेव्हलपर यांच्या मधोमध उभं राहून हेच करायचं असतं. इंग्रजी सुधारायला हवी यात वाद नाही, पण रोजच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीला चार सरळ वाक्यं पुरतात.

ती गावी आली की एकच विचारा, "मागच्या स्प्रिंटमध्ये काय अडलं होतं, आणि तू कुणाकडं गेलीस?" दहा मिनिटं रंगून सांगत बसली, तर परीक्षेची फी आनंदानं द्या. "टेस्टिंगचा कंटाळा आलाय" एवढंच म्हणाली, तर दुखणं वेगळं आहे. मग तिलाच मला पत्र लिहायला सांगा.

स्थळांचं खातं माझ्याकडं नाही.