वाचकांचे प्रश्न : बाइंडिंगचा आकडा, बुटाचा सोल आणि पावसाळ्यातल्या स्की

भावाने जर्मनीहून त्याच्या जुन्या स्की पाठवल्या आहेत. मी बूट नवे घेतले, 26.5 मापाचे. भावाचे बूटही 26.5 चेच होते. मग बाइंडिंगला हात न लावता वापरलं तर चालेल ना? (पुणे)

चालणार नाही. 26.5 हे पायाचं माप. बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या यंत्रणेला, लागते ती सोलची लांबी, मिलिमीटरमध्ये. बुटाच्या टाचेजवळ बाहेरच्या कवचावर ती कोरलेली असते: 298, 305, 312 असा तीन अंकी आकडा. दोन कंपन्यांच्या 26.5 च्या बुटांत यात पाच-सात मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि बाइंडिंगसाठी तो फार मोठा आहे.

पण लांबीच्याही आधी सोलचा प्रकार बघा. जुन्या अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या स्कीच्या, बुटांचा सोल सपाट, कडक प्लॅस्टिकचा असतो. आजकालच्या बऱ्याच बुटांना चालायला सोपा, पुढे किंचित वर वळलेला, रबर लावलेला ‘ग्रिपवॉक’ सोल येतो. तो ज्या बाइंडिंगवर तसं चिन्ह आहे त्यातच घालायचा. जुन्या बाइंडिंगमध्ये तो खटकन बसतोही, आणि धोका तिथेच आहे: पाय पिळला गेला की रबर अडकतं आणि स्की सुटत नाही. टूरिंगच्या, म्हणजे स्कीवर डोंगर चढण्याच्या, बुटांचंही तसंच. शिवाय फार जुन्या बाइंडिंगना कंपन्या काही वर्षांनी पाठिंबा देणं थांबवतात. भावाचं मॉडेल त्या यादीत गेलं असेल तर स्की ठेवा आणि बाइंडिंग बदला.

सोल जुळत असेल तर पुढचं काम असं. बूट आणि बाइंडिंग दोन्ही स्वच्छ पुसा. हील-पीस, म्हणजे बाइंडिंगचा टाचेकडचा भाग, रुळावर पुढेमागे सरकतो. काहींत मागच्या स्क्रूने, काहींत पट्टी उचलून. त्याच्यावरच्या खुणेनुसार तो तुमच्या सोलच्या लांबीवर आणा आणि बूट आत बसवा. आता ‘फॉरवर्ड प्रेशर’ तपासायचं, म्हणजे हील-पीस बुटाला पुढे टो-पीसवर (बाइंडिंगच्या पुढच्या भागावर) किती दाबतोय ते. काही बाइंडिंगमध्ये मागच्या स्क्रूचं डोकं भोवतीच्या कवचाच्या कडेशी समपातळीत यावं लागतं, काहींत छोट्या खिडकीत दर्शक दोन खुणांच्या मध्ये दिसावा लागतो. बूट काढा, पुन्हा घाला, पुन्हा बघा; पहिल्या वेळचं वाचन बऱ्याचदा फसवं निघतं.

याला एवढं महत्त्व का? उतारावर स्की वाकते तेव्हा टो आणि हील यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि हील-पीस स्प्रिंगवर मागे सरकून ती जागा देतो. दाब कमी असेल तर बूट मध्येच, काही कारण नसताना सुटतो. जास्त असेल तर हील-पीसला सरकायला जागाच उरत नाही, टो-पीसवर नको तेवढा ताण येतो आणि सुटायला हवं तेव्हा सुटत नाही. दोन्ही वेळा माणूस दोष देतो तो बाइंडिंग किती जोराला सुटावं ते ठरवणाऱ्या आकड्याला.

टो-पीसची उंची बदलता येत असेल तर बुटाखालच्या सरकत्या पट्टीशी किती फट हवी ते पुस्तिकेत बघा. बऱ्याच अशा बाइंडिंगना अर्धा मिलिमीटर लागते. बूट आत असताना कागदाची पट्टी किंचित अडखळत निघाली पाहिजे. फाटली तर फट कमी आहे. ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेइतकी, म्हणजे मधल्या अरुंद भागाइतकी, किंवा थोडी जास्त हवी. 15 मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आला की तो बर्फात घासतो.

हत्याराबद्दल एक सूचना. हे स्क्रू पोझिड्राइव्ह नमुन्याचे, 3 नंबरचे असतात. घरातला स्टार पेचकस त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की घसरतो आणि डोकं खातो. बॅटरीवरचं यंत्र तर लावूच नका. नवी भोकं पाडायची वेळ आली, तर ते काम दुकानातल्या साच्यावरच होऊ द्या.

वजन 62 किलो, उंची 164 सें.मी., वय 34, सोल 305. औलीला प्रशिक्षकांनी आकडा 4.5 ठेवला, मैत्रिणीचा मात्र 6 होता. माझी स्की दोनदा आपोआप सुटली. आकडा वाढवून घेऊ का? (नाशिक)

मैत्रिणीशी तुलना करू नका. बाइंडिंगवरचा हा ‘डिन’ आकडा हौसेने ठरत नाही. वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्की करण्याची पद्धत या पाच गोष्टींवरून तो तक्त्यातून निघतो. प्रचलित तक्त्यात तुमच्यासाठी, सावकाश आणि सावधपणे उतरणाऱ्यांच्या गटात, 4.5 हाच आकडा येतो. मध्यम गटात 5.5 आणि वेगाने, आक्रमक उतरणाऱ्यांना 6.5. वजन आणि उंची वेगवेगळ्या ओळीत पडली तर कमी आकड्याची ओळ धरायची. पन्नाशी पूर्ण झालेल्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी कमी आकड्याकडे आणखी एक ओळ सरकायचं. सोल जितका लांब तितका आकडा कमी, कारण लांब सोलला तरफेचा फायदा मिळतो.

स्की आपोआप सुटली तर आधी बुटाखाली बघा. बूट बसवण्यापूर्वी सोलला चिकटलेला बर्फ खरवडला नाही तर बूट नीट बसत नाही आणि पहिल्याच धक्क्याला निघतो. नवशिक्यांच्या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. मग फॉरवर्ड प्रेशर, मग झिजलेला सोल. हे सगळं ठीक असूनही सुटत असेल तरच आकड्याकडे वळा, तेही दुकानातल्या मोजयंत्रावर. खिडकीत दिसणारा आकडा आणि प्रत्यक्ष सुटण्याचा जोर यांत जुन्या स्प्रिंगमुळे फरक पडलेला असू शकतो.

घरी चटईवर बूट घालून पाय आत पिळून बघता येईल, पण त्यातून बाइंडिंग अडकलंय की नाही एवढंच कळतं. आणि एक गैरसमज दूर करायला हवा: टो पिळाला सुटतो आणि हील पुढे झुकल्यावर, ही रचना मुख्यतः नडगीचं हाड वाचवण्यासाठी आहे. गुडघ्यातले अस्थिबंध फाटण्यापासून साधं बाइंडिंग तुम्हाला वाचवेल अशी खात्री बाळगू नका.

मोसम संपला की स्की माळ्यावर पिशवीत जातात. पावसाळ्यानंतर काढल्या तर कडांना तांबूस गंज आणि बुटांना बुरशीचा वास. काय चुकतं? (ठाणे)

पिशवी चुकते, आणि माळाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बंद पिशवीत दमट हवा कोंडून राहते आणि स्टीलच्या कडांना तेवढं पुरतं.

एप्रिलमध्येच हे काम उरका. स्की साध्या पाण्याने पुसा. दाबाचा फवारा किंवा गरम पाणी नको, बाइंडिंगमधलं ग्रीस त्यात धुऊन जातं. ‘डब्ल्यूडी-40’ सारखा फवारा मारण्याचीही सवय सोडा, तोही ग्रीस विरघळवतो. हलका गंज स्कीच्या खडबडीत रबरी ठोकळ्याने जातो. दगडावर घासून कडेला उठलेला खरखरीत भाग आधी हिऱ्याच्या पट्टीने काढा; तिथलं स्टील कडक झालेलं असतं आणि कानस त्यावरून नुसती घसरते. कोन राखायला मार्गदर्शक साचा वापरा. सर्वसाधारण स्कीला तळाकडून 0.5 ते 1 अंश आणि बाजूकडून 1 ते 3 अंश.

मग तळावर आणि कडांवरही वॅक्सचा जाड थर चढवा आणि खरवडू नका. चार महिने तोच कडांना हवेपासून झाकेल. दोन स्की पट्ट्याने करकचून आवळू नका, त्यांचा बाक (मधला कमानीसारखा उंचवटा) दबतो. हवा खेळेल अशा खोलीत, ओल्या भिंतीपासून आणि फरशीपासून दूर ठेवा. बाइंडिंगचा आकडा उतरवून ठेवावा का, असं बरेच विचारतात. आमच्या मते नको. जानेवारीत पुन्हा चढवायचा राहून गेला, तर पहिल्याच वळणावर स्की पायातून जाईल.

बुटांची लायनर (आतली मऊ अस्तरं) बाहेर काढून पंख्याखाली दोन दिवस पूर्ण वाळवा. उन्हात किंवा हीटरसमोर नाही. परत घालून बकल सैल लावा, म्हणजे कवचाचा आकार टिकतो. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा बदला. बहुतेक कवचं पॉलियुरेथेनची असतात आणि आर्द्रतेने हे प्लॅस्टिक आतून कमकुवत होत जातं, बूट वापरात नसले तरी. त्यामुळे बाहेरून नवे दिसणारे पंधरा वर्षांचे बूट कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. थंडीत ते उतारावरच फुटू शकतात.

वॅक्स लावायला घरची इस्त्री आणि मेणबत्ती चालेल का? (कोल्हापूर)

इस्त्री नाइलाज म्हणून. तिचं तापमान वरखाली होत राहतं आणि वाफेच्या भोकांत वॅक्स भरतं. त्यानंतर ती कपड्यांना लावायची नाही. सर्वसाधारण वॅक्सला 120 अंशांच्या आसपास पुरतं, नेमका आकडा वेष्टनावर असतो. धूर निघाला की फार गरम झाली. इस्त्री एका जागी थांबवू नका, तळाचं प्लॅस्टिक जळतं. अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर, प्लॅस्टिकच्या पट्टीने टोकाकडून शेपटीकडे खरवडा आणि ब्रश मारा. वॅक्स तळाच्या आत हवं, वर नको.

मेणबत्तीचं मेण मऊ असतं. गुलमर्गच्या वरच्या भागात, अफरवटवर जानेवारीत बर्फ कोरडा आणि बोचरा असतो. त्याचे कण मऊ मेणात रुततात आणि स्की धरल्यासारखी होते. अशा थंडीला कडक वॅक्स लागतं.

गुलमर्गला भाड्याने स्की घेताना पाच मिनिटांत काय बघू? (डोंबिवली)

बुटाची सोलची लांबी आणि हील-पीसवरची खूण जुळते का. दोन्ही पायांचे, टो आणि हील असे चारही आकडे सारखे आहेत का. वजन न विचारता बाइंडिंग लावून देत असतील तर थांबवा आणि सांगा. बूट सुटल्यावर ब्रेक खाली पडतो का, ते हाताने बघा. तळ उलटा करून खोल ओरखडे शोधा. लाकूड दिसत असेल तर दुसरी जोडी मागा, कारण पाणी आत जाऊन स्क्रू सैल होतात. कडा बोथट असतील तर घट्ट बर्फावर वळणं धरणार नाहीत, पण कवळ्या बर्फावर शिकताना त्याने फारसं अडत नाही.