हाती आलेला शत्रू आणि मनाची टोचणी

प्रश्न : आमच्या कुळागरातील (सुपारी-नारळाच्या बागेतील) पाण्याच्या वाट्यावरून चुलतभावाशी माझा अनेक वर्षे दावा चालू आहे. घरातील जुने कागद चाळताना त्याच्या मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीविषयीचे एक खाजगी पत्र मला सापडले. ते चारचौघांत गेले, तर तो मुकाट्याने तडजोडीला येईल. घरची मंडळी म्हणतात की ही संधी देवानेच दिली आहे. मात्र शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबासोबत मिसेला (चर्चमधील उपासनेला) गेलो असता, झोपलेल्या शौल राजाला दावीदने जिवंत सोडल्याची कथा कोकणीतून ऐकली आणि तेव्हापासून मन अस्वस्थ आहे. अशी दया हा दुबळेपणा नव्हे काय? मी माझा हक्क सोडून द्यावा काय?
– एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : आपण ऐकलेली कथा बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात येते. आपल्या प्रश्नाशी त्याच पुस्तकाच्या 24व्या अध्यायातील प्रसंग अधिक जवळचा आहे. मत्सरापोटी दावीदच्या जिवावर उठून 3,000 निवडक माणसांसह त्याच्या मागावर निघालेला इस्राएलचा राजा शौल मृत समुद्राकाठच्या एन-गेदीच्या रानात एका गुहेत एकटाच शिरला आणि त्याच गुहेच्या आतल्या भागात दावीद आपल्या माणसांसह लपला होता. आपल्या घरची मंडळी जे म्हणतात, नेमके तेच ती माणसे म्हणाली: देवाने सांगितलेला दिवस तो हाच. दावीदने शौलाच्या झग्याचा फक्त काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याच्या मनाला टोचणी लागली. रक्ताचा थेंब सांडला नव्हता; पण माझ्या समजुतीप्रमाणे, बेसावध माणसाच्या मानसन्मानाला आपण हात घातला, हे त्याला उमगले होते. आपल्या हातातील पत्र मला त्या काठासारखे वाटते. त्यात ज्या मुलीची अब्रू गुंतली आहे, ती तर आपली शत्रूही नाही.

हा दुबळेपणा नव्हता. ज्या शौलाने नोब या गावातील 85 याजकांची (पुरोहितांची) हत्या करवली होती, तो काय करू शकतो, हे दावीद पुरते जाणून होता. 26व्या अध्यायात दावीदचा साथीदार अबीशय एकाच घावात त्याला जमिनीशी खिळवण्याची परवानगी मागतो, तेव्हा शौल निर्दोष आहे, असे दावीद म्हणत नाही. देवाच्या अभिषिक्तावर, म्हणजे देवाने राजा म्हणून नेमलेल्या माणसावर, आपण हात टाकायचा नाही, त्याचा शेवट कसा आणि केव्हा व्हायचा ते देव पाहील, एवढेच तो म्हणतो. निवाडा हवा, परंतु तो आपल्या हाताने करायचा नाही, ही त्याची भूमिका होती.

या कथेत दावीद निष्कलंक संत म्हणून उभा केलेला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. या दोन प्रसंगांच्या मधल्याच अध्यायात नाबाल नावाच्या धनवानाने केलेल्या अपमानाने पेटून तो 400 शस्त्रधारी माणसांसह त्याच्या घरातील सगळ्या पुरुषांना ठार मारायला निघाला होता. नाबालाची पत्नी अबीगईल अन्न घेऊन वाटेत आडवी आली आणि विनाकारण रक्त सांडल्याचे शल्य पुढे त्याच्या मनात राहू नये, असे तिने विनवले, म्हणून तो थांबला. राजाच्या बाबतीत जागा राहिलेला विवेक एका उर्मट धनवानाच्या बाबतीत झोपी गेला होता, आणि तो जागवायला दुसरे माणूस यावे लागले. आपल्या घरातही असे बोलणारे कोणी असेल, तर त्याचे ऐकावे.

हक्काविषयी विचाराल, तर तो सोडण्याचे कारण नाही. दावीदने गुहेबाहेर येऊन, तो काठ दाखवून, आपल्यावरील अन्यायाची तक्रार शौलाच्या तोंडावर मांडली. शौल रडला, तरी दावीद त्याच्यासोबत राजवाड्यात परतला नाही. तो आपल्या गडावर गेला. क्षमा केली म्हणून लगेच विश्वासही टाकलाच पाहिजे, असे येथे कुठेही सांगितलेले नाही. तेव्हा पाण्याच्या वाट्याचे जे पुरावे असतील, ते वकिलामार्फत न्यायालयापुढे ठामपणे मांडावेत. पत्र मात्र चुलतभावाला परत द्यावे, त्याची नक्कल ठेवू नये आणि त्याबदल्यात दावा मागे घेण्याची अपेक्षाही धरू नये. झोपलेल्या शौलाच्या उशाजवळून उचललेला भाला परत देताना दावीदनेही कोणतीच अट घातली नव्हती.