फोन बघितला की रडू येतं

प्रश्न : ताई, नोकरीसाठी परदेशात आले. रात्री खोलीवर परतले की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बहिणीच्या बाळाचे फोटो आणि इन्स्टाग्रामवर मैत्रिणींच्या भेटी बघत बसते. मग झोप लागत नाही, रडू येतं. सगळी ॲप्स काढून टाकू का?

उत्तर : नाही, सगळी नको. माणसं तुटली तर एकटेपणा वाढेलच. पण नुसतं बघत राहणं वेगळं आणि बोलणं वेगळं. माणूस स्वतःला इतरांशी ताडून जोखतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. परदेशात राहणाऱ्या माणसाची तर ही तुलना दुहेरी होते : तिकडे सगळे एकत्र, इकडे सगळे स्थिरावलेले. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

२०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १४३ विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ज्यांनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहा मिनिटांवर आणलं, त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. ते स्थलांतरित नव्हते, तरी करून पाहायला हरकत नाही.

ग्रुप रात्री म्यूट ठेवा. बहिणीला थेट फोन करा, दोघींच्या घड्याळांना जमेल अशी वेळ ठरवून. बाळ बघा, पण तुम्हाला रडू येतं हेही तिला सांगा. तुम्हीही घरी हसरेच फोटो पाठवत असाल, तिला कसं कळणार? दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल तर मात्र तिथल्या डॉक्टरांना भेटाच, थांबू नका.